चकवा लागतो म्हणजे नेमकं होतं काय

अमावस्या जवळ आली की सोलापुरात कुणाच्या ना कुणाच्या व्हॉट्सॲपवर चकव्याची गोष्ट येतेच. मोहोळकडचा नाहीतर अक्कलकोटकडचा माळ, माणूस रात्री शेतावरून घरी निघाला, तासभर चालला आणि बघतो तर परत त्याच बाभळीखाली. आता हे सगळं खोटं असं मी अजिबात म्हणत नाही, माणूस खरंच गोल फिरतो, फक्त फिरवणारं भूत नसतं.

2009 मध्ये यान सौमान हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं. जर्मनीतल्या जंगलात आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात लोकांना जीपीएस लावून सांगितलं, सरळ चाला. जंगलात सूर्य दिसत होता त्यांना जमलं, पण ढगाळ दिवशी चालले ते चौघंही गोल गोल फिरले, त्यातले तिघं तर स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडत राहिले आणि त्यांना पत्ता नाही! वाळवंटात एकजण रात्री चालत होता, चंद्र ढगाआड गेला आणि गडी वळत वळत आला त्याच दिशेला निघाला. डोळे बांधले तर कधीकधी 20 मीटरपेक्षा लहान गोल.

एक पाय आखूड असतो म्हणून, हे उत्तर टिकलं नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडं जायचा, कधी उजवीकडं.

खरी गंमत कानात आहे. प्रत्येक कानाच्या आत तीन अर्धगोल नळ्या, त्यात द्रव. डोकं वळलं की द्रव जरा मागं राहतो, तिथल्या केसवाल्या पेशी वाकतात, मेंदूला कळतं वळलो म्हणून. पण बादली एकाच वेगानं फिरवत राहिलं की आतलं पाणीही तिच्याबरोबर फिरायला लागतं, तसंच इथं, वळण एकसारखं चालू राहिलं की ते जाणवायचं बंद होतं. त्यात पायांकडून येणारे सिग्नलही किंचित चुकीचे, आणि 'समोर' कुठं हे मेंदू मागच्या पावलावरून ठरवणार, म्हणजे जुनी चूक तशीच आणि वर नवी. चुका डाव्या-उजव्या दोन्ही असतात पण पूर्ण खोडल्या जात नाहीत, दिशेतली एकूण चूक साधारण पावलांच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणं वाढते. 20 मीटर व्यासाचा गोल म्हणजे 63 मीटर परीघ, 60 सेंटीमीटरचं पाऊल धरलं तर शंभरेक पावलं, पावलाला साडेतीन अंश. एवढं कुणाला जाणवतं?

लांबचा दिवा, चंद्र, डोंगर असं काही दिसलं की ही चूक तिथल्या तिथं दुरुस्त होते. म्हणून चकवा अंधारात, सपाट माळावर. यावर ताईत विकणाऱ्यांना पैसे देण्यापेक्षा चांगली बॅटरी घ्या.

जुनी माणसं म्हणतात तांबडं फुटेपर्यंत बसून राहा, ते मात्र शंभर टक्के बरोबर. आकाश मोकळं असेल तर ध्रुव शोधा. सोलापुरातून तो उत्तरेला क्षितिजापासून साधारण 18 अंशांवर दिसतो, हात लांब करून एकावर एक दोन मुठी धरल्या की त्याच्या जरा खालीच. ढग असतील तर हायवेच्या ट्रकांचा आवाज धरून चाला.