लोकल एसईओ : शेजारच्या शहरांत सेवा देणारा व्यवसाय

‘जवळचा प्लंबर’, ‘मिरजेत फ्रिज दुरुस्ती’ असे काही मोबाइलवर शोधणाऱ्या माणसाला आपला व्यवसाय निकालांत आणि नकाशावर दिसावा, यासाठी केलेल्या कामांना लोकल एसईओ म्हणतात. दुकान आणि गिऱ्हाईक एकाच गावात असेल तर हे काम तुलनेने सोपे असते. दुकान एका गावात आणि कामे चार गावांत असली की त्याचे स्वरूप बदलते. व्यवसायाचा पत्ता एकच असतो आणि गूगलसारखे शोधयंत्र त्या पत्त्याला फार महत्त्व देते.

दक्षिण महाराष्ट्रात ही अडचण अगदी ठळकपणे दिसते. सांगली आणि मिरज एकमेकांपासून दहाएक किलोमीटरवर आहेत आणि कुपवाडसह १९९८ पासून त्यांची महापालिकाही एक आहे. पण घरात बिघाड झालेला माणूस महापालिकेचे नाव टाइप करत नाही, आपल्या गावाचे करतो. सांगलीहून कृष्णेपलीकडचे जयसिंगपूर कोल्हापूर जिल्ह्यात मोडते, तरी तिथल्या माणसाला कोल्हापूरपेक्षा सांगली कितीतरी जवळ. इचलकरंजीची २०२२ पासून स्वतंत्र महापालिका आहे. समजा, जयसिंगपुरात वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा एक कारागीर आहे आणि आठवड्यातून त्याची या सगळ्या शहरांत फेरी होते. पूर्वी टेलिफोनचा एसटीडी कोडच गाव सांगायचा : कोल्हापूर ०२३१, सांगली ०२३३, इचलकरंजी ०२३०, जयसिंगपूर ०२३२२. मोबाइल नंबराने ती ओळख पुसली. आता गाव ठरते ते नकाशावरच्या खुणेने.

भारतात पत्ता-फोनची माहिती मागणाऱ्याला ती पुरवण्याचे काम आधी छापील यलो पेजेसनी आणि १९९६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जस्टडायलसारख्या टेलिफोन सेवांनी केले. गूगलने २००४ मध्ये स्थानिक शोध आणि २००५ मध्ये मॅप्स आणले. व्यवसायांसाठीचे खाते २०१४ मध्ये ‘गूगल माय बिझनेस’ झाले आणि २०२१ च्या अखेरीपासून त्याला ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ म्हणतात. शोधनिकालात नकाशाखाली पूर्वी सात नावे दिसत. २०१५ पासून ती साधारण तीनच उरली, त्यामुळे चुरस वाढली.

या तीन जागा कोणाला मिळतात, याची तीन कारणे गूगल स्वतःच सांगते : शोधलेल्या गोष्टीशी व्यवसायाचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचे किंवा शोधात नमूद केलेल्या ठिकाणापासूनचे अंतर, आणि व्यवसायाची ख्याती. मेळ मुख्यतः प्रोफाइलमधल्या कॅटेगरीवरून आणि सेवांच्या वर्णनावरून ठरतो, म्हणून मुख्य कॅटेगरी अचूक निवडणे हे पहिले काम. ख्याती रिव्ह्यूंची संख्या व दर्जा, इतर संकेतस्थळांवरचे उल्लेख आणि दुवे यांतून येते. उरते ते अंतर, आणि त्यावर व्यावसायिकाचा काही इलाज चालत नाही. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या, या क्षेत्रातल्या लोकांनी ‘पॉसम’ असे नाव दिलेल्या बदलानंतर शहराच्या हद्दीबाहेरचे व्यवसायही शहराच्या निकालांत दिसू लागले होते. २०२१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या ‘व्हिसिनिटी’ बदलाने मात्र जवळिकीचे वजन पुन्हा वाढवले. नावातच सेवा आणि गाव कोंबून वर आलेली अनेक खाती तेव्हा खाली गेली.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्रोफाइलमध्ये ‘सेवा क्षेत्र’ भरण्याची सोय आहे. शहरे किंवा पिनकोड मिळून वीसपर्यंत भाग त्यात घालता येतात, आणि एकूण क्षेत्र व्यवसायाच्या ठिकाणापासून गाडीने साधारण दोन तासांच्या पलीकडे जाऊ नये अशी अपेक्षा असते. कारागीर तिथे कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, मिरज अशी नावे भरतो आणि आता त्या शहरांत आपण वर दिसू, अशी आशा धरतो. तसे होत नाही. सेवा क्षेत्र म्हणजे आपण कुठवर जातो याची ग्राहकाला दिलेली माहिती. त्याने निकालांतला क्रमांक वर सरकतो असा अनुभव या कामातल्या माणसांना येत नाही. ज्याच्याकडे ग्राहक येत नाहीत, त्याने घरचा पत्ता प्रोफाइलवर लपवावा असा नियम आहे. पण खाते खरे असल्याची गूगलची पडताळणी ज्या पत्त्यावर झाली, त्याच्याच आसपास खाते जोर धरते. जयसिंगपूरचे खाते म्हणूनच सांगलीत थोडेफार दिसेल, कोल्हापूरच्या राजारामपुरीत क्वचितच.

या अडचणीतून खोट्या पत्त्यांचा मार्ग निघाला आणि त्याने मोठे नुकसान केले आहे. मित्राच्या दुकानाचा, मामाच्या घराचा, नुसत्या भाड्याने घेतलेल्या नावापुरत्या ऑफिसचा पत्ता देऊन प्रत्येक शहरात एकेक खाते उघडले जाते. गूगलच्या नियमांत हे बसत नाही. दुसरे खाते हवे असेल तर त्या जागी वेगळा कर्मचारीवर्ग खरोखर असावा लागतो, आणि ग्राहकाला येण्यासाठी पत्ता दाखवायचा तर दर्शनी पाटी व कामाच्या वेळेत हजर माणूस हवा. हल्ली पडताळणीसाठी अनेकदा जागेचा, पाटीचा आणि हत्यारांचा व्हिडिओ मागतात. पकडले गेल्यास खाते बंद होते आणि कित्येक वर्षांचे रिव्ह्यू नाहीसे होऊ शकतात. याहून वाईट म्हणजे, त्या शहरात खरोखर गाळा घेऊन बसलेला कारागीर या खोट्या खुणांमुळे खाली ढकलला जातो. कोल्हापुरात काम भरपूर असेल तर तिथे छोटा गाळा घेऊन माणूस बसवणे हाच नकाशावर यायचा खात्रीचा रस्ता आहे. तो खर्च परवडत नसेल तर नकाशाचा नाद सोडून त्याखालच्या साध्या निकालांकडे वळावे.

साध्या निकालांत पत्त्याचे ओझे कमी असते. तिथे संकेतस्थळावरचे पान बोलते, आणि शेजारच्या शहरांसाठीचे बहुतेक खरे काम इथेच होते. प्रत्येक शहरासाठी एक पान करावे, हा सल्ला सगळेच देतात. प्रत्यक्षात एकच मजकूर घेऊन ‘सांगली’च्या जागी ‘मिरज’, मग ‘इचलकरंजी’ टाकून डझनभर पाने तयार होतात. शहरांची नावे पुढे करून माणसाला एकाच ठिकाणी ढकलणाऱ्या अशा पानांना गूगल ‘डोअरवे’ म्हणते आणि २०१५ पासून त्यांच्याविरुद्धची कारवाई कडक झाली आहे. पान टिकते ते त्या शहरात केलेल्या कामावर. सांगलीच्या पानावर २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या मशीनांबद्दल लिहिता येते : पाणी ओसरल्यावर लगेच प्लग लावू नये, मोटार आणि पीसीबी (मशीन चालवणारे सर्किट) पूर्ण वाळल्याशिवाय वीज देऊ नये, चिखल शिरलेल्या मशीनचे बेअरिंग आधी तपासावे. बोअरचे पाणी वापरणाऱ्या भागासाठी मशीनमध्ये पाणी घेणाऱ्या इनलेट व्हॉल्व्हच्या जाळीवर साचणाऱ्या क्षारांविषयी सांगता येते. कोल्हापूरची फेरी कोणत्या दिवशी असते, व्हिजिट चार्ज किती, मशीन दुकानात न्यावे लागले तर नेण्या-आणण्याचे पैसे कोण देणार, शिवाजी पेठेतल्या अरुंद बोळात टेम्पो शिरत नसेल तर काय करायचे, हेही त्या पानावर असावे. सोबत तिथल्या कामाचे स्वतः काढलेले फोटो. असे पान दुसऱ्या गावाचे नाव घालून उचलता येत नाही. ज्या गावाबद्दल लिहायला चार ओळीही नाहीत, त्याचे पान करूच नये.

नाव, पत्ता आणि फोन सगळीकडे एकसारखे असावेत. गूगलखेरीज बिंग, ॲपल मॅप्स, जस्टडायल, इंडियामार्ट यांवरही तीच माहिती हवी. २०११ मध्ये मोठ्या शोधयंत्रांनी एकत्र येऊन सुरू केलेल्या स्कीमा डॉट ऑर्गच्या पद्धतीने पानाच्या कोडमध्ये व्यवसायाचा प्रकार आणि सेवेचे भाग नोंदवता येतात. त्याने यंत्राला माहिती नीट कळते, एवढाच त्याचा उपयोग.

रिव्ह्यूंना शेजारच्या शहरांच्या बाबतीत विशेष मोल आहे. ‘आमच्या विश्रामबागच्या घरी येऊन तासाभरात ड्रम बसवला’ असे ग्राहकाने आपल्या शब्दांत लिहिले, तर सांगलीच्या वाचणाऱ्याला दुसरा पुरावा लागत नाही. म्हणून काम संपल्यावर त्याच दिवशी, प्रत्येक गावातल्या ग्राहकाला, रिव्ह्यूचा दुवा पाठवून विनंती करावी. काय लिहायचे ते मात्र सांगू नये. सवलत किंवा पैसे देऊन रिव्ह्यू घेणे आणि फक्त खूश ग्राहकांनाच निवडून विचारणे, दोन्ही नियमाबाहेर आहे. भारतीय मानक ब्युरोनेही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी ‘आयएस १९०००’ हे ऐच्छिक मानक काढले. तक्रारीच्या रिव्ह्यूला शांतपणे, नेमके काय झाले ते सांगून उत्तर द्यावे. पुढचे अनेक ग्राहक ते उत्तर वाचूनच फोन करतात.

भाषेकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. एकच माणूस कधी रोमन लिपीत मराठी टाइप करतो, कधी इंग्रजीत शोधतो, कधी बोलून विचारतो. गूगलचा मराठी आवाजी शोध २०१७ पासून उपलब्ध आहे. बोलताना माणूस ‘वॉशिंग मशीन पाणी सोडत नाही, कोण दुरुस्त करतं’ असे अख्खे वाक्य विचारतो. पानावर तोच प्रश्न मराठीत आणि खाली सरळ उत्तर असले तर फायदा होतो. मिरज हे दवाखान्यांचे गाव. तिथे उत्तर कर्नाटकातून रोज रुग्ण आणि नातेवाईक येतात, त्यामुळे मिरजेतल्या लॉज, खानावळी, औषध दुकाने यांनी कन्नडमध्येही माहिती ठेवणे शहाणपणाचे आहे. गावांची बदललेली नावे हा आणखी एक मुद्दा : औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ मध्ये झाले आणि अहमदनगरचे अहिल्यानगर २०२४ मध्ये, तरी जुन्या नावाने शोधणारे आहेतच. पानाच्या मजकुरात दोन्ही नावे सहजपणे यावीत.

मोजमापात सर्वांत मोठी चूक होते ती स्वतःच्या दुकानात बसून शोधण्याची. तिथून आपले नाव वर दिसणारच. खरी स्थिती कळण्यासाठी फेरीच्या दिवशी सांगलीच्या स्टँडवर, इचलकरंजीच्या बाजारात, कोल्हापूरच्या शाहूपुरीत उभे राहून तोच शब्द शोधावा, किंवा नकाशावर चौकटी आखून प्रत्येक बिंदूवरचा क्रमांक दाखवणारी साधने वापरावीत. प्रोफाइलमध्ये फोन आणि दिशादर्शनाचे आकडे मिळतात, पण फोन कोणत्या गावातून आला हे त्यावरून नीट कळत नाही. त्यासाठी फोनजवळ एक वही ठेवून, आलेल्या प्रत्येक कॉलपुढे गावाचे नाव आणि ‘आमचं नाव कुठं सापडलं?’ याचे उत्तर लिहून ठेवावे लागते.