चिकटलं म्हणजे आरपार गेलं नव्हे: डीएनएच्या नॅनोरचना आणि मेंब्रेन

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कॉलेजांमधून येणाऱ्या एमएस्सी प्रोजेक्टांच्या पोस्टरवर एक दावा हमखास दिसतो: आमच्या डीएनए नॅनोरचनेने मेंब्रेनला (पेशीच्या स्निग्ध पडद्याला) छिद्र पाडलं. पुरावा काय, तर कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाचा एक फोटो. काळ्या पार्श्वभूमीवर गोल लिपोसोम, म्हणजे मेंब्रेनचा छोटा फुगा, आणि त्याच्या कडेने लखलखणारं वलय. या वलयावरून एवढंच कळतं की रचना मेंब्रेनवर जाऊन बसली. छिद्र आहे की नाही, याबद्दल तो फोटो काहीच सांगत नाही. खारघरला ॲक्ट्रेकसारखी कॅन्सर संशोधनाची संस्था हाकेच्या अंतरावर असल्यामुळे अशा पोस्टरची शेवटची ओळ थेट औषध पेशीत पोचवण्यावर जाते, म्हणून ही गल्लत मनाला जास्तच लागते.

डीएनए ओरिगामी, म्हणजे डीएनएचा धागा दुमडून केलेली रचना, कशी घडते हे इथे उगाळत नाही. 2006 मध्ये पॉल रोथमुंड यांनी दाखवलेली रीत सगळ्यांना ठाऊक असते: एम13 विषाणूचा 7,249 न्यूक्लिओटाइडांचा लांब धागा, त्याला दुमडून धरणारे दोनशेहून जास्त छोटे धागे (स्टेपल), मॅग्नेशियम आणि सावकाश थंड करणं. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. दुहेरी साखळीची जाडी 2 नॅनोमीटर असते आणि प्रत्येक बेसपेअरमागे दोन ऋण भार असतात. मेंब्रेनचा आतला स्निग्ध थर 3 ते 4 नॅनोमीटरचा असतो आणि तो भार असलेल्या कुठल्याही गोष्टीला आत घेत नाही. त्यामुळे डीएनए आपणहून आरपार जाणं जवळपास अशक्य आहे. चिकटणं मात्र सोपं आहे, आणि म्हणूनच ते सारखं दिसतं.

चिकटण्याचे मार्ग दोन. पहिला मार्ग आयनांचा: मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम हे लिपिडचं (मेंब्रेन ज्यांचं बनतं त्या स्निग्ध रेणूचं) डोकं आणि डीएनए यांच्यामध्ये पूल बांधतात. हा पूल मेंब्रेन घट्ट, म्हणजे जेल अवस्थेत असताना चांगला जमतो. डीएमपीसी हे लिपिड वापरणाऱ्यांनी इथे सावध राहावं. त्याचं अवस्थांतर 24 अंशांच्या आसपास होतं. एसी 20 वर असलेल्या खोलीत ते जेल असतं, आणि मे महिन्यात ठाण्यात एसी बंद पडला की तेच प्रवाही होतं. सकाळी चिकटलेली रचना दुपारी सुटली, तर आधी थर्मामीटर बघा, डिझाइनला नंतर दोष द्या. खोलीच्या तापमानाशी झगडायचं नसेल तर डीओपीसी हे लिपिड घ्या. ते इथल्या कुठल्याही ऋतूत प्रवाहीच राहतं.

दुसरा मार्ग कोलेस्टेरॉलचा. डीएनएच्या टोकाला कोलेस्टेरॉल जोडलं की ते स्निग्ध थरात रुततं. एकाच कोलेस्टेरॉलवर बसलेला धागा सुटून परत पाण्यात जाऊ शकतो, दोन असतील तर पकड बरीच पक्की होते. प्रवाही मेंब्रेनवर कोलेस्टेरॉल असूनही काही प्रमाणात आयन लागतातच, म्हणून मॅग्नेशियम अजिबात न घालणं ही चूक ठरते.

खरी गल्लत इथेच होते. वाशीच्या खाडीत नांगर टाकलेल्या होडीचा नांगर गाळात रुतलेला असतो, होडी पाण्यावरच राहते. कोलेस्टेरॉल आत गेलं म्हणून डीएनए आत जात नाही. तो मेंब्रेनवर आडवा पडून राहतो.

आरपार जायचं तर रचनेची आखणीच तशी लागते. 2012 मध्ये म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत फ्रिड्रिख सिमेल आणि हेंड्रिक डीट्झ यांच्या गटांनी केलेली वाहिनी नीट अभ्यासा. वर रुंद टोपी, खाली सहा हेलिक्सांचा (दुहेरी साखळ्यांचा) दांडा, मध्ये 2 नॅनोमीटरची पोकळी. टोपीच्या मेंब्रेनकडच्या पृष्ठभागावर 26 कोलेस्टेरॉल. टोपीला इतक्या जागी धरून ठेवल्यामुळेच दांडा आत ढकलला जातो. कोलेस्टेरॉल किती, यापेक्षा ते कुठे आणि कोणत्या दिशेला तोंड करून आहेत, हे महत्त्वाचं. आत शिरलेल्या डीएनएभोवती लिपिड वळतात आणि आपली डोकी त्याच्याकडे करतात. 2018 मध्ये केंब्रिज आणि इलिनॉयच्या गटांनी याच वळलेल्या वाटेवरून सेकंदाला एक कोटीहून जास्त लिपिड एका थरातून दुसऱ्या थरात जातात असं दाखवलं.

छिद्र सिद्ध करायला आमची पसंती एकाच चाचणीला आहे: दोन आकारांचे रंग एकाच वेळी. जायंट लिपोसोमच्या बाहेर हिरवा कार्बॉक्सिफ्लुओरेसीन, 376 डाल्टनचा, आणि लाल रंग जोडलेला 70 किलोडाल्टनचा डेक्स्ट्रान (साखरेच्या लांब साखळीचा मोठा रेणू) घाला. डेक्स्ट्रानच्या गोळ्याचा व्यास 12 नॅनोमीटरच्या घरात असतो. हिरवा आत आला आणि लाल बाहेर राहिला, तर 2 नॅनोमीटरच्या वाहिनीवर विश्वास ठेवा. दोन्ही आत आले तर मेंब्रेन फाटलं आहे. दोन्ही बाहेर राहिले आणि वलय चमकतंय, तर फक्त चिकटलंय. सोबत तीन कंट्रोल हवेतच: नुसतं बफर, कोलेस्टेरॉल नसलेली तीच रचना आणि नुसता कोलेस्टेरॉलवाला धागा. यातलं पहिलं सगळे गाळतात आणि तिथेच फसतात. लिपोसोम 200 मिलीमोलर साखरेत बनवलेले असतात, म्हणजे आत सुमारे 200 मिलीऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं मोजमाप) असतात. 14 मिलीमोलर मॅग्नेशियम क्लोराइडच्या ओरिगामी बफरमधून जेमतेम 50 मिलीऑस्मोल मिळतात. समान भाग मिसळले की बाहेरचं द्रावण पातळ होतं, पाणी आत घुसतं, लिपोसोम फुगून फाटतात आणि रंग आत जातो. डीएनएचा त्यात काहीच संबंध नसतो. बफरमध्ये ग्लुकोज घालून ऑस्मोमीटरवर दोन्ही बाजू जुळवा.

मेंब्रेनमधून जाणारा विद्युतप्रवाह मोजत असाल तर पायरीसारख्या स्वच्छ उड्या शोधा. 1 मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये म्युनिकची वाहिनी 1 नॅनोसीमेन्सच्या आसपास वाहकता देते. नुसती थरथरणारी, हळूहळू चढणारी रेघ म्हणजे गळकं मेंब्रेन.

बऱ्याचदा डिझाइन बरोबर असतं आणि तयारीत घोळ होतो. कोलेस्टेरॉलवाले धागे सुरुवातीलाच सगळ्यांबरोबर उकळू नका, रचना एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि तपासणीच्या जेल इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये सगळं नमुना घालायच्या खाचेतच (वेलमध्ये) अडकतं. आधी घडवा, 100 किलोडाल्टनच्या फिल्टरवर जास्तीचे स्टेपल काढा. मग कोलेस्टेरॉलवाला धागा 60 अंशांवर दहा मिनिटं तापवून, दर जागेमागे दीड ते दोन पट घाला. कोलेस्टेरॉलच्या शेजारी थोडा एकेरी धागा मोकळा ठेवला तर गुठळ्या कमी होतात.

जिवंत पेशींवर गेल्यावर आणखी एक भर पडते: पेशीच्या आत दिसणारी चमक. ती अखंड रचनेची आहे असं धरून चालू नका. न्यूक्लिएज एन्झाइमांनी डीएनए तोडल्यावर त्यापासून सुटलेला, चमकणारा सायनाइन रंगही पेशी आत घेतात, आणि 2019 पासून ही गोष्ट छापील स्वरूपात सगळ्यांसमोर आहे. नुसत्या रंगाचा कंट्रोल ठेवा. शेवटी डीएनेज (डीएनए कापणारं एन्झाइम) घालून पृष्ठभागावरचं वलय जातं का तेही बघा. गेलं, तर ते पेशीच्या बाहेरच होतं.