पाच दिवस अंधारात ठेवलेली बाटली

नदीत मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी येते, चार दिवस ओरड होते आणि मग सरकारी खुलासा येतो: सांडपाण्याचे नमुने तपासले, सगळे आकडे मर्यादेत आहेत. लोक लगेच म्हणतात, पैसे खाल्ले. खाल्लेही असतील, तो विषय वेगळा. पण कोणीही छदाम न खाता, प्रयोगशाळेत कोणीही खोटा आकडा न लिहिता, मासे मेले हेही खरं आणि आकडे मर्यादेत आहेत हेही खरं, असं होऊ शकतं. ते कसं, हे कळायला एका आकड्याच्या पोटात शिरावं लागतं. त्या आकड्याचं नाव बीओडी.

बीओडी म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी. नाव बोजड आहे, गोष्ट सोपी आहे. पाण्यात मैला, साखर, रक्त, दूध असं काहीही सेंद्रिय पडलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि ते पचवताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. म्हणजे साध्या मैलापाण्यानं मासे मरतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा मैल्यानं विषबाधा झालेली नसते. मैला खाणाऱ्यांनी त्यांच्या वाट्याचा ऑक्सिजन संपवलेला असतो. एक लिटर पाण्यातली घाण पचवायला जिवाणूंना किती मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो, तो आकडा म्हणजे बीओडी. घरगुती कच्च्या सांडपाण्यात तो साधारण २०० ते ३०० असतो.

आता पाण्याजवळ शिल्लक किती असते ते पाहा. २० अंश सेल्सिअसला लिटरभर गोडं पाणी हवेतून फार तर ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन घेऊ शकतं. तेवढ्याच हवेत तो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतो. माशाचा संसार आपल्यापेक्षा तीसपट तंगीत चालतो, तो असा. त्यात पाणी तापलं की शिल्लक आणखी घटते: ० अंशाला १४.६ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला साडेसात. बऱ्याच माशांना ४ ते ५ मिलिग्रॅमच्या खाली घुसमटायला होतं. म्हणून लिटरभर कच्चं सांडपाणी पूर्ण पचवायचं तर कमीत कमी वीस-पंचवीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा ऑक्सिजन खर्ची पडतो.

(‘ऑक्सिजनयुक्त’ पिण्याचं पाणी ताकद वाढवतं म्हणून बाटल्यांतून विकलं जातं, त्याचा हिशेबही इथेच होऊन जातो. आपण एका साध्या श्वासात अर्धा लिटर हवा आत घेतो, त्यात सव्वाशेहून जास्त मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. बाटलीत दाबाखाली कितीही कोंबला तरी आपल्या पोटात कल्ले नाहीत. एक दीर्घ श्वास घ्या, तो फुकट आहे.)

बीओडी मोजायची रीत मला फार आवडते, कारण तिच्यात यंत्राचा रुबाब अजिबात नाही. काचेच्या घट्ट बुचाच्या बाटलीत नमुना भरायचा, बहुधा ३०० मिलिलिटरची बाटली असते. आत हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. तीव्र सांडपाणी असेल तर आधी ऑक्सिजनयुक्त पाण्यात मापून पातळ करायचं, नाहीतर पहिल्याच दिवशी आतला ऑक्सिजन संपून प्रयोग फसतो. आज किती ऑक्सिजन आहे ते मोजायचं. जोडीची दुसरी बाटली २० अंशांना पाच दिवस अंधारात ठेवायची. अंधार का? आत एखादं शेवाळ असेल तर ते उजेडात ऑक्सिजन तयार करेल आणि हिशेब बिघडवेल. पाच दिवसांनी पुन्हा मोजायचं. जो फरक येतो तो जिवाणूंनी खाल्लेला.

मोजण्याची मूळ युक्ती १८८८ सालची, लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाची. बाटलीत मँगनीजचा क्षार आणि अल्कलीयुक्त आयोडाइड घालायचं. ऑक्सिजन नसेल तर पांढरा साका बसतो, असेल तर तो तपकिरी होतो. मग आम्ल घातलं की साका विरघळतो आणि जितका ऑक्सिजन होता त्या प्रमाणात आयोडीन मोकळं होतं. त्यात स्टार्च घालून गडद निळा रंग आणायचा आणि आयोडीन संपवणाऱ्या थायोसल्फेटचा थेंब थेंब मोजून सोडत राहायचं. एका थेंबाला निळं असतं, पुढच्या थेंबाला काचेसारखं पारदर्शक. कॉलेजात हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा तो शेवटचा थेंब मी दोनदा चुकवला होता. आता ऑक्सिजन मोजायला विद्युत सळई असते, पाण्यात बुडवली की आकडा समोर. पण सळई बिघडल्याची शंका आली की आजही विंकलरलाच साक्षीला बोलावतात.

पण पाचच दिवस का? घाण पूर्ण पचायला वीस दिवसही लागतात, काही पदार्थांना त्याहून जास्त. याचं मूळ ब्रिटनमध्ये आहे. तिथे १८९८ साली सांडपाण्याच्या विल्हेवाटीसाठी राजआयोग नेमला गेला. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालातून पाच दिवसांची चाचणी आणि २० मिलिग्रॅमची मर्यादा आली. कारण असं सांगतात की ब्रिटनमधल्या नद्यांचं पाणी समुद्राला मिळायला पाच दिवसांपेक्षा जास्त लागत नाही, पुढचं समुद्र बघून घेईल! पाच दिवस थांबण्याचा एक रासायनिक फायदाही आहे. त्यानंतर कधीतरी अमोनियावर जगणारे वेगळे जिवाणू जोर धरतात आणि त्यांची भूक आकड्यात मिसळते. उष्ण देशांना २० अंशांचं तापमान तसं परकंच. भारताच्या नियमांत म्हणून २७ अंशांना तीन दिवस अशी चाचणी आहे. उबेत जिवाणू भराभर खातात, त्यामुळे तीन दिवसांत जवळपास तेवढंच काम उरकतं.

आणि ते २०? त्यामागे चौथीच्या मुलाला जमेल असं गणित आहे. आयोगाच्या मते नदीच्या पाण्याचा बीओडी ४ च्या वर गेला की लक्षण ठीक नाही. स्वच्छ नदीचा बीओडी धरला २. सांडपाण्याच्या एका भागाला नदीचे आठ भाग मिळतील असं मानलं. आठ दुणे सोळा, अधिक वीस, छत्तीस. नऊ भागांत वाटले की चार. म्हणजे २० हा आकडा आठपट नदीसह होता. नदी मोठी असेल तर सूट आणि छोटी असेल तर कडक नियम, असं आयोगानंच म्हटलं होतं. पण आकडे प्रवासाला निघाले की त्यांच्या अटी घरीच राहतात. जगभर २० नाहीतर ३० ची मर्यादा पसरली आणि ‘नदीत पाणी किती?’ हा प्रश्न अनेकदा गाळला गेला. उन्हाळ्यात नदीची धार करंगळीएवढी झाली तरी सांडपाणी सोडणाऱ्या नळाच्या तोंडाशी नियम तोच.

मासे नेमके कुठे मरतात हे आता पाहू. इथे थोडं गणित आहे, पण खरी गंमत त्यातच आहे. सांडपाणी नदीत मिसळलं की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. जिवाणू ऑक्सिजन काढतात आणि पाण्याच्या पृष्ठभागातून हवा तो भरते. भरण्याचा वेग तूट किती आहे त्यावर ठरतो: खड्डा जितका खोल, तितकी भर जोरात. अगदी सुरुवातीला घाण भरपूर असते पण तूट नसते, म्हणून भर जवळपास शून्य आणि उपसा जोरात. ऑक्सिजन घसरत जातो. जसजशी घाण संपते तसा उपसा मंदावतो आणि तूट वाढल्यामुळे भर जोर धरते. एका क्षणी दोन्ही वेग सारखे होतात. तो तळ. तिथून पाणी सावरू लागतं. आलेख काढला तर सैल बांधलेल्या दोरीसारखा झोळ पडतो, पलीकडची चढण मात्र सावकाश. हॅरोल्ड स्ट्रीटर आणि अर्ल फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ मध्ये हे समीकरणात बांधलं.

आकडे घालून बघू. समजा निम्मी घाण तीन दिवसांत पचते आणि ऑक्सिजनची तूट भरून निघण्याचा वेग त्याच्या दुप्पट आहे. समीकरण सोडवलं तर तळ बरोबर तिसऱ्या दिवशी येतो आणि तिथली तूट मूळ मागणीच्या एक चतुर्थांश असते. मिसळलेल्या पाण्याची एकूण मागणी लिटरला २० मिलिग्रॅम असेल तर तूट ५, म्हणजे ९ पैकी ४ उरले. मासे कसेबसे तगतील. मागणी ३६ झाली तर तूट ९ आणि शिल्लक शून्य. पाणी काळं पडतं, सडक्या अंड्यांचा वास येतो.

आता नदी ताशी एक किलोमीटर अशा संथ चालीनं वाहते असं धरा. तीन दिवसांत पाणी ७२ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. नळ एका गावाला, मासे मेलेले भलत्याच. नळाशी उभं राहून ऑक्सिजन मोजला तर तो चक्क चांगला येतो. कधीकधी मध्ये जिल्ह्याची, राज्याची किंवा देशाचीच हद्द ओलांडलेली असते. वरचा अधिकारी म्हणतो आमच्याकडे सगळं ठीक, खालचा म्हणतो आमच्याकडे कारखानाच नाही. दोघंही खरं बोलतात.

‘वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं’ ही समजूत याच आलेखातून तपासता येते. होतं, पण आपोआप नव्हे आणि कितीही नव्हे. काम करतात ते जिवाणू आणि पृष्ठभागातून शिरणारी हवा. उथळ, खळाळत्या प्रवाहात भर जोरात होते. खोल डोहात किंवा बंधाऱ्यामागे तुंबलेल्या पाण्यात ती मंदावते. नदीचं पावित्र्य या समीकरणात कुठेच येत नाही, आणि नाल्यात ओतायच्या ‘चमत्कारी जिवाणूं’च्या द्रावणानंही पृष्ठभागातून येणारी हवा वाढत नाही. जिवाणू मैल्यात मुळातच भरपूर असतात, कमी असतो तो ऑक्सिजन.

नमुना घेण्याच्या वेळेचा घोळ आणखी वेगळा. शेवाळानं हिरव्या झालेल्या पाण्यात दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे ऑक्सिजन चढतो, रात्री शेवाळसुद्धा श्वसन करून तो खातं. सर्वांत वाईट वेळ पहाटेची, सूर्य उगवण्याच्या अगदी आधीची. नमुने घ्यायला माणसं येतात कचेरी उघडल्यावर. तोवर उन्हानं बरीच भरपाई केलेली असते.

पळवाटाही याच आकड्यात आहेत. ६० बीओडीच्या सांडपाण्यात तेवढंच बोअरचं पाणी मिसळलं की आकडा ३०. नदीत जाणारी घाण एका ग्रॅमनंही कमी झाली नाही, उलट भूजलही वाया गेलं. म्हणून लिटरमागे किती मिलिग्रॅम ही तीव्रता नव्हे, तीव्रता गुणिले प्रवाह, म्हणजे दिवसाला किती किलो, हे पाहावं लागतं. यापेक्षा गमतीची, खरं तर भीतीदायक गोष्ट विषाची. सांडपाण्यात जड धातू किंवा जंतुनाशक असेल तर बाटलीतले जिवाणूच मरतात. खाणारा मेला तर ऑक्सिजन खर्च कसा होणार? बीओडी झकास कमी येतो. जाणता तंत्रज्ञ हे पकडतो: नमुना जास्त जास्त पातळ करत गेलं की हिशेबानं येणारा बीओडी सारखा राहायला हवा. तो वाढत गेला तर समजायचं, आत विष आहे. सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) नावाची दुसरी चाचणी जिवाणूंऐवजी तापवलेल्या डायक्रोमेट या रसायनानं दोन तासांत घाण जाळते, तिला विषाचा फरक पडत नाही. सीओडी भरमसाट आणि बीओडी नगण्य असा अहवाल दिसला की मला तरी आधी शंका येते.

एवढ्या अडचणी असूनही देखरेख ठेवता येते, फक्त ती नळापाशी संपून चालत नाही. अमेरिकेच्या १९७२ च्या कायद्यात, नळाला नियम लावूनही जे पाणी सुधारत नाही, तिथे दिवसाला एकूण किती भार पेलेल ते ठरवून वाटून द्यायची तरतूद आहे. युरोपीय संघाचा २००० चा पाणीविषयक निर्देश हद्दी बाजूला ठेवून अख्खं खोरं हे एकक मानतो. म्हणजे ७२ किलोमीटरवरचे मासे कागदावर तरी वरच्याच्या खात्यात येतात.

लंडनच्या थेम्सला १९५७ साली शास्त्रज्ञांनी जैविकदृष्ट्या मृत ठरवलं होतं. मैलाशुद्धीकरण केंद्रं सुधारल्यावर १९७४ मध्ये तिथे सामन मासा पुन्हा सापडला. तरीही जोराचा पाऊस झाला की जुनी गटारं ओसंडून नदीत यायची. त्यासाठी नदीत चक्क ऑक्सिजन सोडणारी जहाजं ठेवली गेली, एकेक दिवसाला ३० टनांपर्यंत ऑक्सिजन देऊ शकणारं. थेम्सच्या त्या भागात भरती-ओहोटी चालते, त्यामुळे घाण पाण्याचा पट्टा दिवसातून दोनदा वर आणि दोनदा खाली सरकतो. जहाज गटाराच्या तोंडाशी नांगर टाकून बसत नसे. नदीकाठच्या स्वयंचलित केंद्रांवर ऑक्सिजनचा आकडा कुठे घसरतोय ते बघत ते त्या पट्ट्याच्या मागे मागे फिरायचं.