मिशनरी नकाशे आणि ॲमेझॉनकाठचे ओमाग्वा

मिशनरी नकाशे : वसाहतींच्या सीमाभागांत राहणाऱ्या ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी, मुख्यतः जेझुइटांनी (कॅथलिक पंथातल्या ‘येशूसंघा’च्या पाद्र्यांनी), सोळाव्या ते अठराव्या शतकांत काढलेले नकाशे. सरकारी अधिकारी जिथे क्वचितच फिरकत, तिथे हे पाद्री वर्षानुवर्षे राहत, स्थानिक भाषा शिकत आणि वाटाड्यांसोबत हिंडत. मराठी वाचकाला जवळचे उदाहरण आंतोनी मोन्सेरातचे. १५७९ मध्ये तो गोव्याहून अकबराच्या दरबाराकडे निघाला, १५८१ च्या काबूल मोहिमेत बादशहाबरोबर गेला आणि वाटेतल्या ठिकाणांचे अक्षांश घेऊन त्याने उत्तर हिंदुस्थानचा नकाशा तयार केला. मात्र तो बादशहाचा पाहुणा होता. दक्षिण अमेरिकेत असाच नकाशा जमिनीवरच्या हक्काचा दस्तऐवज ठरे, आणि सॅम्युएल फ्रिट्झचा ॲमेझॉनचा नकाशा त्याचा ठळक नमुना आहे.

बोहेमियात (आजच्या चेक देशात) १६५४ मध्ये जन्मलेला जेझुइट फ्रिट्झ १६८६ च्या सुमारास स्पेनच्या बाजूने ओमाग्वा या स्थानिक लोकांत आला. ॲमेझॉनच्या मधल्या पट्ट्यातल्या बेटांवर त्यांच्या तीसहून अधिक वस्त्या होत्या. तान्ह्या मुलांची कपाळे फळ्यांनी दाबून चपटी करण्याच्या त्यांच्या चालीमुळे पोर्तुगीज त्यांना ‘कांबेबा’ म्हणत. पारा बंदरातून नदीने वर येणाऱ्या पोर्तुगीज टोळ्या माणसे पकडून गुलाम म्हणून नेत. त्यांच्यापासून संरक्षण मिळेल ही आशा नसती, तर ओमाग्वांनी पाद्र्याला इतक्या सहज जागा दिली असती असे वाटत नाही.

१६८९ मध्ये आजारी फ्रिट्झ उपचारासाठी नदीने खाली पाराला गेला. तिथे तो स्पेनचा हेर असल्याचा संशय घेऊन त्याला अडकवून ठेवले गेले आणि १६९१ मध्येच परत पाठवण्यात आले. संपूर्ण नदीचा त्याचा हस्तलिखित नकाशा त्याच वर्षीचा. त्याची साधने तुटपुंजी होती : अक्षांशांसाठी तीन इंच त्रिज्येचे लाकडी अर्धवर्तुळ. लंबकाचे घड्याळ नाही, दुर्बीण नाही, त्यामुळे रेखांश मोजण्याचा मार्गच नव्हता. वाद तर नेमका रेखांशाचाच होता. १४९४ च्या तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगालमध्ये जग वाटले होते ते एका रेखावृत्तावर, आणि ते वृत्त नदीला कुठे छेदते हे दोन्ही राजसत्तांपैकी कुणालाही खात्रीने सांगता येत नव्हते. आपल्या हक्कासाठी पोर्तुगीज लोक त्यांच्या पेद्रू तैशैराने १६३७–३९ मध्ये नदीतून केलेल्या मोहिमेकडे बोट दाखवत. फ्रिट्झकडे दाखवायला मिशनची गावे होती. १६९२ मध्ये तो लिमाला जाऊन स्पेनच्या व्हाइसरॉयला भेटला, पण दूरच्या जंगलासाठी सैन्य पाठवण्याची तिथे कुणाला निकड नव्हती.

हा नकाशा १७०७ मध्ये कीतोत (आजच्या इक्वेडोरमध्ये) तांब्याच्या पत्र्यावरून छापला गेला. शीर्षकातच नदीच्या नावापाठोपाठ जेझुइट मिशनचे नाव आहे. उपनद्यांच्या मधल्या जागेत ओमाग्वा, युरिमाग्वा, तिकुना, मायोरुना अशी लोकांची नावे भरली आहेत. ही माहिती वल्ही मारणाऱ्या आणि वाट दाखवणाऱ्या माणसांकडूनच आलेली असणार. त्यांचे श्रेय नकाशावर नाही. याच काळात उत्तरेकडे, आजच्या ॲरिझोना-सोनोरा भागात, युसेबियो कीनो या जेझुइटाला स्थानिकांनी दिलेल्या निळ्या शिंपल्यांवरून कॅलिफोर्निया बेट नसून मुख्यभूमीला जोडलेला असल्याचा अंदाज आला. तसे शिंपले त्याने पूर्वी फक्त पॅसिफिकच्या किनाऱ्यावर पाहिले होते. त्याचा नकाशा १७०५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे निदान शिंपल्यांची हकीकत तरी नोंदली गेली.

फ्रिट्झच्या नकाशात गावे शांत दिसतात. प्रत्यक्षात १७०१ मध्ये पायोरेव्हा या प्रमुखाच्या पुढाकाराने ओमाग्वांनी मिशनविरुद्ध उठाव केला होता आणि फ्रिट्झने तो मोडायला स्पॅनिश सैनिक बोलावले होते. संरक्षणाची किंमत मिशनच्या शिस्तीत चुकवावी लागते, हे ओमाग्वांच्या तोवर लक्षात आले होते. नकाशा छापून दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच पोर्तुगीजांनी हल्ले करून खालच्या पट्ट्यातली मिशने उद्ध्वस्त केली. बरेच लोक पकडले गेले, उरलेले वरच्या अंगाला पळाले. युरिमाग्वांचे नाव आज पेरूतल्या युरिमाग्वास शहराला आहे.

नकाशाला युरोपात मात्र मागणी वाढत गेली. १७१७ मध्ये त्याची फ्रेंच आवृत्ती निघाली. पेरूतले लाउरिकोचा सरोवर हा ॲमेझॉनचा उगम, हे फ्रिट्झचे मत पुढे दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. १७४३ मध्ये ला कोंदामीन हा फ्रेंच शास्त्रज्ञ ॲमेझॉनमधून खाली आला, तेव्हा हा नकाशा त्याच्याजवळ होता. साधनांच्या उणिवा दाखवत त्याने स्वतःच्या सुधारित नकाशावर फ्रिट्झचा प्रवाह तुलनेसाठी तुटक रेषेने काढला. स्पेन-पोर्तुगालच्या १७५० च्या माद्रिद तहात ज्याचा प्रत्यक्ष ताबा त्याची जमीन हे तत्त्व ठरले आणि मधला ॲमेझॉन पोर्तुगालकडे गेला. १७६७ मध्ये स्पेनने जेझुइटांनाच आपल्या वसाहतींतून घालवून दिले. ब्राझीलमध्ये बराच काळ ओळख लपवून राहिलेले ओमाग्वांचे वंशज १९८० च्या दशकापासून कांबेबा हेच नाव उघडपणे लावतात.