ट्रान्स स्त्रियांसाठी ब्रेस्ट इम्प्लांटची निवड

ट्रान्स स्त्रीने हॉर्मोन्स घेऊनही छाती हवी तशी भरली नाही तर सर्जरी करून आत इम्प्लांट बसवून घेता येतं, आणि तेव्हा आत काय भरलेलं असावं, वरचं कवच कसं असावं, आकार गोल (राउंड) की थेंबासारखा खाली भरलेला (टिअरड्रॉप), किती रुंद, किती पुढे येणारं, स्नायूच्या वर की खाली, असे बरेच निर्णय एकदम घ्यावे लागतात. सर्जनकडे गेल्यावर बोलणं बहुतेक वेळा "किती सीसी घेऊ" (सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, इम्प्लांटचं आकारमान) इथूनच सुरू होतं, मैत्रिणीने 350 घेतलं मग मलाही 350 पाहिजे, पण सीसीचा आकडा खरं तर सगळ्यात शेवटी ठरायला हवा. आधी छातीची रुंदी मोजायची, मग कातडी किती ताणली जाते ते बघायचं, मग बाकीचं. सिस बायकांचे (म्हणजे ज्या ट्रान्स नाहीत त्यांचे) फोटो आणि तक्ते बघून ठरवलं की पुष्कळदा निराशा पदरी येते, कारण शरीराची मापंच वेगळी असतात.

आधी हॉर्मोन्सना वेळ

एस्ट्राडिओल (एस्ट्रोजेन हॉर्मोनचा एक प्रकार) सुरू केल्यावर साधारण 3 ते 6 महिन्यांत निपलच्या मागे दुखरी गाठ जाणवायला लागते, तिथून वाढ हळूहळू चालू राहते आणि पूर्ण व्हायला 2-3 वर्षं लागू शकतात. म्हणूनच एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या सर्जरीआधी किमान 2 वर्षं एस्ट्रोजेन घ्यावं असं आहे, तर डब्ल्यूपॅथ या ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या सूचनांच्या 2022 च्या आठव्या आवृत्तीत किमान 6 महिने, आणि हवा तो रिझल्ट मिळायला गरज असेल तर जास्त, असं म्हटलंय. रोज आरशासमोर उभं राहणाऱ्या बाईला 2 वर्षं म्हणजे किती मोठा काळ वाटतो हे समजतं, तरी शक्य असेल तर थांबावंच असं माझं मत आहे, कारण त्या काळात जे स्वतःचं टिश्यू तयार होतं तेच पुढे इम्प्लांटच्या कडा झाकतं आणि कातडीही थोडी सैल होते. ज्यांना तब्येतीमुळे हॉर्मोन्स चालत नाहीत किंवा घ्यायचेच नाहीत त्यांचीही सर्जरी होते, फक्त वरचं आवरण पातळ असल्यामुळे इम्प्लांट आणि जागा जास्त विचार करून निवडावी लागते.

रुंदी, प्रोफाइल आणि मग सीसी

टेस्टोस्टेरॉनवर वयात आलेल्या शरीरात छातीचा पिंजरा रुंद असतो, छातीचा स्नायू जाड असतो, एरिओला (निपलभोवतीचा गडद भाग) लहान आणि थोडा बाहेरच्या बाजूला असतो आणि निपलपासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचं अंतर कमी असतं. या चार गोष्टींवर जवळजवळ सगळं ठरतं.

इम्प्लांटचं पहिलं माप म्हणजे त्याच्या तळाची रुंदी. दुसरं प्रोफाइल, म्हणजे ते पुढे किती येतं: लो, मॉडरेट, हाय असे प्रकार असतात आणि एकाच सीसीमध्ये हे सगळे मिळतात. 300 सीसीचं हाय प्रोफाइल सुमारे 11 सेंटिमीटर रुंद असतं आणि 300 चंच मॉडरेट सुमारे 13, कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. तेवढंच पाणी परातीत पसरतं आणि तांब्यात उंच चढतं, तसंच हे. आता रुंद छातीवर अरुंद हाय प्रोफाइल बसवलं तर दोन्ही बाजूंना दोन गोल उठून दिसतात आणि मधे मोठी मोकळी जागा राहते, आणि मग वाटतं की सीसी कमी पडले, पण कमी पडलेली असते ती रुंदी. त्यामुळे बऱ्याच ट्रान्स स्त्रियांना त्याच उंचीच्या सिस बाईपेक्षा रुंद तळाचं इम्प्लांट लागतं आणि रुंदी वाढली की सीसीही आपोआप वाढतात.

मधली गॅप पूर्ण मिटवता येत नाही हे आधीच समजून घेतलेलं बरं. इम्प्लांट निपलच्या मागे मध्यावर यावं लागतं, निपलच बाहेरच्या बाजूला असेल आणि इम्प्लांट ओढून मधे आणलं तर निपल आणखी बाहेर बघायला लागतात. शिवाय मधल्या हाडावरून स्नायू फार सोडवला तर दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्यासारख्या होतात आणि ते दुरुस्त करणं अवघड असतं. गॅप कमी करायला काही सर्जन पोटाची किंवा मांडीची चरबी काढून मधल्या भागात भरतात, त्यातली काही शरीर शोषून घेतं, पण कडा मऊ करायला हा उपाय चांगला आहे.

निपल ते घडी हे अंतर कमी असल्यामुळे घडी बहुतेकदा खाली न्यावी लागते, नाहीतर इम्प्लांट वर चढल्यासारखं दिसतं. नेताना जुनी घडी नीट सुटली नाही तर तिची रेघ स्तनावर तशीच राहते आणि एकाखाली एक दोन फुगवटे दिसतात, सर्जन त्याला डबल बबल म्हणतात. कातडी फारच घट्ट असेल तर मोठा आकडा एका वेळी गाठायचा हट्ट करू नये, आधी एक्सपांडर (हळूहळू भरत जायची तात्पुरती पिशवी) टाकून ताण देता येतो किंवा काही वर्षांनी मोठं इम्प्लांट बदलून घेता येतं.

सलाइन की सिलिकॉन जेल

दोन्हींचं कवच सिलिकॉनचंच असतं. सलाइनमध्ये मिठाचं निर्जंतुक पाणी असतं आणि ते आत बसवल्यावर भरतात, त्यामुळे काप छोटा पुरतो आणि फुटलं तर छाती लगेच सपाट होते, कळायला तपासणी लागत नाही. पण पातळ टिश्यूखाली त्याच्या सुरकुत्या दिसतात, हाताला जाणवतात, आणि ट्रान्स स्त्रियांमध्ये टिश्यू बहुधा पातळच असतं. सिलिकॉन जेल हाताला नैसर्गिक लागतं, आत्ताची जेल घट्ट असतात आणि कापलं तरी वाहत नाहीत. मात्र ते फुटलं तर बाहेरून काहीच कळत नाही. अमेरिकेची औषधं आणि वैद्यकीय उपकरणं यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था एफडीए, तिचा सल्ला आहे की सर्जरीनंतर 5-6 वर्षांनी पहिला अल्ट्रासाउंड किंवा एमआरआय करावा आणि मग दर 2-3 वर्षांनी. हा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

इंटरनेटवर अमेरिकन बायकांचे अनुभव वाचताना सलाइनचा उल्लेख फार येतो, त्याला कारण आहे. 1962 मध्ये ह्यूस्टनला क्रोनिन आणि गेरो या डॉक्टरांनी पहिलं सिलिकॉन इम्प्लांट बसवलं, पुढे 1992 मध्ये एफडीएने सिलिकॉन जेलवर मोठे निर्बंध आणले आणि नुसतं आकारासाठी ते मिळणं 2006 पर्यंत जवळजवळ बंद होतं, म्हणून तिथे एक अख्खी पिढी सलाइनवर गेली. भारतात बहुतेक सर्जन सिलिकॉन जेलच वापरतात.

स्मूद की टेक्स्चर्ड

या एका मुद्द्यावर मी कोणाशीही तडजोड करायला सांगणार नाही. स्मूद म्हणजे गुळगुळीत कवच. टेक्स्चर्ड म्हणजे खरखरीत कवच, ते टिश्यूला धरून राहतं, जागेवरून फिरत नाही. टिअरड्रॉप आकार फिरला तर स्तनाचा आकारच बिघडतो, म्हणून टिअरड्रॉप इम्प्लांट साधारणपणे टेक्स्चर्डच असतात, आणि रुंद छातीवर टिअरड्रॉप शोभतं म्हणून ट्रान्स स्त्रियांना ते भरपूर सुचवलं गेलं. पण याच खरखरीत कवचाशी एक लिम्फोमा (रोगप्रतिकारक पेशींचा कॅन्सर) जोडलेला आहे, बीआयए-एएलसीएल. तो स्तनाच्या पेशींचा कॅन्सर नाही, इम्प्लांटभोवती शरीर जे टिश्यूचं आवरण, म्हणजे कॅप्सूल, तयार करतं तिथला आहे. एफडीएने 2011 मध्ये पहिला इशारा दिला, एप्रिल 2019 मध्ये फ्रान्सने जास्त खरखरीत आणि पॉलियुरेथेनच्या इम्प्लांटवर बंदी घातली, आणि जुलै 2019 मध्ये ॲलर्गन कंपनीने बायोसेल नावाच्या खरखरीत टेक्स्चरची इम्प्लांट जगभरातून परत घेतली. ट्रान्स स्त्रियांमध्येही याच्या केसेस नोंदल्या गेल्यात. आजार दुर्मिळ आहे, वेळेत सापडला तर इम्प्लांट आणि कॅप्सूल काढून बरा होतो, पण स्मूद राउंड उपलब्ध असताना हा धोका घ्यायची गरज मला तरी दिसत नाही, उभं राहिल्यावर चांगलं मऊ राउंडही खाली जरा भरतंच. ज्यांच्या आत आधीच टेक्स्चर्ड आहे त्यांनी घाबरून लगेच काढायला धावायचं नाही, त्रास नसेल तर काढा असं एफडीएही सांगत नाही, पण काही वर्षांनंतर एक बाजू अचानक सुजली तर त्याच आठवड्यात डॉक्टरला दाखवायचं.

स्वस्तात मिळतंय म्हणून अनोळखी कंपनीचं घेऊ नका. फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक दर्जाचं सिलिकॉन भरून वर्षानुवर्षं इम्प्लांट विकली, 2010 मध्ये ते उघड झालं आणि 2013 मध्ये मालकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. आणि पातळ सिलिकॉनचं इंजेक्शन कोणी छातीत देतो म्हणालं तर तिथून उठून या, ते शरीरात पसरतं, फुफ्फुसात गेलं तर जीव जातो, पुन्हा काढताही येत नाही.

जागा आणि काप

स्नायूखाली बसवलं तर वरची कड झाकली जाते, पण छातीचा स्नायू जाड आणि ताकदवान असल्यामुळे दंड आवळला की इम्प्लांट हलताना दिसतं आणि सुरुवातीला दुखतंही जास्त. टिश्यू भरपूर असेल तर स्नायूवर बसवता येतं. ड्युअल प्लेन म्हणजे वरचा भाग स्नायूखाली आणि खालचा मोकळा, बऱ्याच जणींना हाच मधला मार्ग जमतो. जिम करणाऱ्यांनी हे सर्जनला आवर्जून सांगावं. काप शक्यतो खालच्या घडीत, एरिओला लहान असल्यामुळे तिथून इम्प्लांट घालणं कठीण जातं. काखेतूनही घालतात. फक्त घडी खाली न्यायची असेल तर नव्या घडीच्या जागी काप यावा लागतो, हे मार्किंग करताना विचारून घ्या.

नंतर

इम्प्लांट आयुष्यभरासाठी नसतं, कधीतरी बदलावं किंवा काढावं लागेल हे धरूनच चालायचं. कॅप्सूल सगळ्यांच्याच शरीरात तयार होते, ती आवळली की स्तन कडक होतो, याला बेकरच्या 1 ते 4 अशा पायऱ्या आहेत आणि 3-4 ला बहुतेकदा पुन्हा सर्जरी लागते. मॅमोग्राम करताना इम्प्लांट आहे हे आधी सांगायचं, ते मागे ढकलून वेगळे फोटो घेतात. इम्प्लांटचं कार्ड, ज्यावर कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर असतो, ते हॉस्पिटल सोडायच्या आधी हातात घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, बायोसेल परत घेतली तेव्हा आपल्या आत काय आहे हे ओळखायला कामी आलं ते हेच कार्ड.

भारतात सर्जरीआधी मानसोपचारतज्ज्ञाचं पत्र बहुतेक ठिकाणी मागतात, डब्ल्यूपॅथच्या आठव्या आवृत्तीप्रमाणे एक पत्र पुरतं. खर्चासाठी 2022 मध्ये केंद्राने आयुष्मान भारतमध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या कव्हरची घोषणा केली, त्यात लिंगबदलाशी संबंधित उपचारही धरलेत. त्यासाठी नॅशनल पोर्टलवरून मिळणारं ट्रान्सजेंडर प्रमाणपत्र लागतं, म्हणून सर्जन शोधायला लागायच्या आधीच तो अर्ज करून टाकलेला बरा.