इंदूर: जेलमधल्या आजारी माणसाच्या उपचारासाठी अर्ज कुठे आणि कसा करायचा

घरातला माणूस जेलमध्ये गेला की सगळे वकील आणि जामिनाच्या मागे धावतात. त्याच्या साखरेच्या गोळ्या, फिटचं औषध, टीबीचा अर्धवट राहिलेला कोर्स आठवतो तोवर आठवडा उलटलेला असतो. टीबीचं औषध असं मध्येच तुटलं तर पुढे नेहमीची औषधं लागू पडेनाशी होण्याची भीती असते. म्हणून जामिनाची वाट न बघता हा अर्ज आधी द्या.

अर्ज जेल अधीक्षकांच्या नावे करायचा. नातेवाईक देऊ शकतात, वकीलही. कच्चा कैदी असो की शिक्षा झालेला, उपचाराचा हक्क दोघांनाही आहे. आपण घरी मराठी बोलत असलो तरी इथलं कामकाज हिंदीत चालतं, तेव्हा अर्ज हिंदीत लिहा. कैद्याचं आणि त्याच्या वडिलांचं नाव, ठाणं, गुन्हा क्रमांक, कलम, कोर्ट हे आलंच. पण खरा भाग पुढचा: आजार कोणता, औषध कोणतं, किती वेळा, शेवटची गोळी कधी घेतली. सोबत जुनी प्रिस्क्रिप्शन, डिस्चार्ज कार्ड, तपासण्यांचे रिपोर्ट आणि अर्जदाराचं आधार. झेरॉक्सच द्या, मूळ कागद घरी ठेवा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्याच. पुढे कोर्टात सांगावं लागलं तर हीच पोच कामी येते.

जेलच्या दवाखान्यात इलाज होण्यासारखा नसेल तर डॉक्टर बाहेर, बहुधा एमवायला (महाराजा यशवंतराव या सरकारी रुग्णालयात) पाठवतात. काहीच हालचाल दिसली नाही तर ज्या कोर्टात केस आहे तिथे अर्ज करा आणि जेलकडून वैद्यकीय अहवाल मागवण्याची विनंती करा. आजारी किंवा अशक्त आरोपीला जामीन देताना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 480 मध्ये खास सवलत आहे. मात्र ती द्यायची की नाही, हे कोर्ट ठरवतं.

मानसिक आजार असेल तर तो लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 103 नुसार अशा कैद्याला मानसिक आरोग्य संस्थेत हलवता येतं. इंदूरला बाणगंगेचं मानसिक रुग्णालय आहे. लोक काय म्हणतील या धास्तीने घरचेच गप्प बसतात आणि आतल्या माणसाचे हाल होतात, हे बघवत नाही.

वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाइन 15100. जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी कोणी अडकलं असेल तर गरीब कैद्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेबद्दल तिथेच विचारा. त्यात कच्च्या कैद्याला पैशांची मदत होऊ शकते, पण अमली पदार्थांसारख्या काही गुन्ह्यांना ती लागू नाही.

सुटकेच्या दिवशी सामान घेताना उपचाराचा कागद आणि चालू असलेल्या गोळ्याही मागून घ्या, आणि दुसऱ्याच दिवशी ते घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवा.