आयनक्यूची पार्श्वभूमी : घड्याळाच्या प्रयोगशाळेतून शेअर बाजारात

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आयनक्यू’ या अमेरिकन कंपनीने कॅलिफोर्नियातली ‘व्हेक्टर अ‍ॅटॉमिक’ विकत घेत असल्याचं जाहीर केलं. आयनक्यू क्वांटम कॉम्प्युटर बनवते, व्हेक्टर अ‍ॅटॉमिक अणुघड्याळं आणि दिशादर्शनाची उपकरणं. हल्ली दर महिन्या-दोन महिन्यांनी नवी कंपनी पदरात पाडून घेणाऱ्या आयनक्यूची ही आणखी एक खरेदी, असं म्हणून बातमी सोडून देता येईल. पण या दोन धंद्यांचं नातं बरंच जुनं आहे. क्वांटम कॉम्प्युटर, निदान आयनक्यूच्या जातीचा, जन्मला तोच घड्याळ बनवणाऱ्यांच्या घरात.

१९८९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं होतं. अर्धं नॉर्मन रॅमसे यांना, ज्यांच्या पद्धतीवर अणुघड्याळं चालतात. उरलेलं अर्धं हान्स डेमेल्ट आणि वोल्फगांग पाउल यांना, विद्युतभारित अणू म्हणजे आयन निर्वात जागेत विद्युतक्षेत्राच्या जोरावर अधांतरी पकडून ठेवणाऱ्या सापळ्यासाठी. घड्याळ आणि सापळा एकाच पारितोषिकात आले. डेव्हिड वाइनलँड हे रॅमसेंचे पीएच.डी.चे विद्यार्थी, आणि नंतर त्यांनी डेमेल्ट यांच्या हाताखाली काम केलेलं. पुढे कोलोरॅडोतल्या बोल्डरला, निस्ट या अमेरिकी सरकारच्या मोजमाप संस्थेत, त्यांनी हे दोन्ही वारसे एकत्र आणले. उद्दिष्ट साधं होतं : पकडलेला, लेसरने थंड केलेला आयन वापरून आणखी अचूक घड्याळ करायचं.

१९९४ मध्ये गणितज्ञ पीटर शोर यांनी दाखवून दिलं की क्वांटम कॉम्प्युटर बनलाच, तर तो प्रचंड मोठ्या संख्यांचे अवयव झटपट पाडेल, म्हणजे तेव्हाची गुप्तलेखनाची व्यवस्था मोडीत काढेल. त्याच वर्षी बोल्डरला अणुभौतिकीची आंतरराष्ट्रीय परिषद होती. तिथे भौतिकशास्त्रज्ञ आर्टुर एकर्ट यांनी हा विषय अणुशास्त्रज्ञांपुढे मांडला. इग्नासिओ सिराक आणि पीटर झोलर यांनी १९९५ मध्ये पकडलेल्या आयनांवर अशी गणितं कशी करता येतील ते लिहून काढलं. वाइनलँड यांच्या गटाकडे आयन, लेसर, सापळा सगळं तयारच होतं. त्या वर्षाच्या डिसेंबरात बेरिलियमच्या एका आयनावर दोन क्युबिटांमधली (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरचा माहितीचा सर्वात लहान घटक) मूलभूत तार्किक क्रिया त्यांनी करून दाखवली. एक क्युबिट आयनाच्या आतली स्थिती, दुसरं त्याचं सापळ्यातलं हलणं. शोधनिबंधावर पहिलं नाव होतं ख्रिस मनरो यांचं. वाइनलँड यांना पुढे २०१२ चं नोबेल मिळालं.

मनरो नंतर मिशिगन आणि मग मेरीलँड विद्यापीठात गेले. त्यांचे जोडीदार झाले ड्यूक विद्यापीठातले जंगसँग किम, बेल लॅब्जमधून आलेले अभियंते. प्रयोगशाळेतलं यंत्र कारखान्यात करण्याजोगं कसं होईल, हा किम यांचा प्रांत. दोघांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आयन-सापळ्याचा संगणक मोठा कसा करता येईल यावर लेख लिहिला. २०१५ मध्ये ‘न्यू एंटरप्राइझ असोसिएट्स’ या गुंतवणूक संस्थेच्या वीस लाख डॉलरांवर मेरीलँडच्या कॉलेज पार्कमध्ये आयनक्यू सुरू झाली.

कंपनीने सुरुवातीला निवडलेला अणूही घड्याळवाल्यांच्या ओळखीचा : यटर्बियम. त्याच्या दोन अतिशय स्थिर पातळ्या म्हणजे शून्य आणि एक. त्यांच्यातली कंपनं सेकंदाला सुमारे १२६४ कोटी. जगाचा सेकंद ज्यावर ठरतो त्या सीझियममध्ये ती सुमारे ९१९ कोटी. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतही यटर्बियमच्याच पकडलेल्या आयनावर प्रकाशीय अणुघड्याळाचं काम चाललं आहे. तिथे अर्थात त्या अणूकडे बेरीज-वजाबाकी कुणी मागत नाही.

संगणक आणि संवेदक, म्हणजे अणुघड्याळासारखी मोजणारी उपकरणं, यांचं हे भावकीचं नातं एका दुखण्यावर उभं आहे. क्वांटम अवस्था फार हळवी असते. आसपासचं चुंबकक्षेत्र, तापमान, हादरा, कशानेही ती बिघडते. संगणकवाल्याचा सगळा खटाटोप तिला जगापासून लपवण्याचा. संवेदकवाला नेमकं उलटं करतो : ती किती बिघडली हे मोजतो आणि त्यावरून बाहेरचं क्षेत्र, गुरुत्वाकर्षण किंवा प्रवेग सांगतो.

शेअर बाजारात आयनक्यू आली १ ऑक्टोबर २०२१ ला, न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर. रस्ता नेहमीच्या आयपीओचा नव्हता. ‘डीएमवाय टेक्नॉलॉजी ग्रुप थ्री’ ही स्वतःचा काही धंदा नसलेली, फक्त पैसे घेऊन बाजारात थांबलेली कंपनी होती; तिच्यात विलीन होऊन आयनक्यू नोंदली गेली. त्या काळात अमेरिकेत या पद्धतीचं पीकच आलं होतं. फक्त क्वांटम कॉम्प्युटिंग करणारी ही पहिली नोंदणीकृत कंपनी. २०२१ चं उत्पन्न होतं जेमतेम एकवीस लाख डॉलर.

त्यानंतरचा प्रवास शेअरधारकांना घाम फोडणारा. मे २०२२ मध्ये एका शॉर्ट सेलर संस्थेने, म्हणजे भाव पडला की कमावणाऱ्या संस्थेने, घणाघाती अहवाल काढला. कंपनीने आरोप फेटाळले. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडिया या चिप कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग म्हणाले की खरोखर उपयोगी क्वांटम कॉम्प्युटरला पंधरा ते तीस वर्षं लागतील, आणि एका दिवसात आयनक्यूचा भाव जवळपास चाळीस टक्क्यांनी कोसळला. वाक्य नवं काहीच सांगत नव्हतं, भौतिकशास्त्रज्ञ ते वर्षानुवर्षं बोलत होते. बाजाराने ते पहिल्यांदा ऐकलं, इतकंच. मधल्या काळात दोघे संस्थापक कंपनीतून बाहेर पडले होते, मनरो २०२३ मध्ये, किम २०२४ मध्ये.

फेब्रुवारी २०२५ मध्ये निकोलो दे मासी सीईओ झाले. ते मूळचे ‘डीएमवाय’च्या बाजूचे, म्हणजे कंपनीला बाजारात आणणाऱ्यांपैकी. मग खरेदीचा सपाटा सुरू झाला. ब्रिटनची ऑक्सफर्ड आयोनिक्स १०७.५ कोटी डॉलरला, तीही जवळजवळ सगळी शेअर देऊन. उपग्रहवाली कॅपेला स्पेस. क्वांटम सुरक्षेतल्या आयडी क्वांटिकमध्ये बहुमताचा हिस्सा. ऑक्सफर्ड आयोनिक्सची खरेदी मला सगळ्यात पटते : ती कंपनी आयनांना लेसरऐवजी चिपमधूनच हाताळते, आणि लेसरांचं जंजाळ हेच आयन-संगणकाचं मोठं ओझं आहे.

व्हेक्टर अ‍ॅटॉमिकची गोष्ट वेगळी. तिची घड्याळं आयोडीनच्या वाफेवर चालतात. सापळा नाही, अतिथंड अणू नाहीत. बोल्डरच्या सर्वोत्तम घड्याळांची अचूकता त्यांना नाही, पण ती दणकट आहेत. २०२२ च्या रिमपॅक नौदल सरावात, प्रशांत महासागरात, न्यूझीलंडच्या जहाजावर ती सुमारे तीन आठवडे चालली. जीपीएस जाम करणं आता युद्धात नित्याचं झालं आहे, आणि ते बंद पडलं की दिशा शोधायला स्वतःचं अचूक घड्याळ लागतं; त्यामुळे जहाजावर टिकणाऱ्या अशा घड्याळाला गिऱ्हाईक आजच आहे. हजारो क्युबिटांच्या संगणकाचं गिऱ्हाईक अजून वाट पाहतंय. भारताच्या २०२३ च्या राष्ट्रीय क्वांटम मिशननेही (६,००३.६५ कोटी रुपये) संवेदन आणि मोजमापाला स्वतंत्र केंद्र दिलं, ते आयआयटी मुंबईत.

२०२४ मध्ये आयनक्यूचं उत्पन्न ४.३१ कोटी डॉलर होतं आणि निव्वळ तोटा ३३ कोटींच्या वर. यापुढचे आकडे वाचताना एक गोष्ट वेगळी काढून पाहावी लागेल : वाढ आयनक्यूच्या स्वतःच्या संगणकातून किती आली, आणि विकत घेतलेल्या कंपन्यांच्या जुन्या कंत्राटांतून किती.